चहा मांडायचा, टाकायचा की ठेवायचा?

जळगाव: आमच्याकडे पाहुणा दारात दिसला की आत हाक जाते, चहा मांड वं. पुण्याची वहिनी आली की ती विचारते टाकू का, आणि ऑफिसातल्या मॅडम ठेवते म्हणतात. तिन्ही एकच का, की करायची पद्धत पण बदलते?

धुळे: मांडणं म्हणजे भांडं गॅसवर चढवणं, बस. भात मांडला, डाळ मांडली तसंच. पण आमच्या आईच्या हिशोबाने मांडलेला चहा म्हणजे पाणी साखर पत्ती सगळं गार असतानाच एकत्र, आणि टाकणारे लोक आधी पाणी उकळणार मग पत्ती. मांडलेलाच बरा, रंग चांगला उतरतो.

भुसावळ: शब्दावरून पद्धत ठरवू नका भाऊ, आम्ही पण मांडतोच. फक्त अद्रक आधी पाण्यात चांगलं उकळू द्या, कच्चं अद्रक कोमट दुधात किसलं तर दूध फाटतं, त्यात प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं, उकळलं की त्याचा जोर संपतो. सासूबाई कारण न सांगता हेच करायच्या.

नंदुरबार: आमच्याकडे गुजरात हाकेवर, त्यामुळे अर्धे लोक नुसतं चा म्हणतात. पण चहाला उकाळा म्हणणाऱ्यांचा राग येतो, उकाळ्यात पत्ती नसते.

जळगाव: बरं, इंग्रजी पद्धतीत पत्तीवर उकळतं पाणी ओतून झाकून ठेवतात त्याला काय म्हणायचं? आयएसओ 3103 म्हणून 1980 पासूनचं स्टँडर्ड पण आहे, 100 मिलीला 2 ग्रॅम पत्ती, 6 मिनिटं.

धुळे: ते चव तपासणाऱ्यांसाठी आहे हो, सगळे नमुने एकाच रीतीने काढता यावे म्हणून. मुरवणं म्हणा.

भुसावळ: मुरतं ते लोणचं 😄 झाकून ठेवला म्हणा की सरळ. आणि आपली सीटीसीची दाणेदार पत्ती पटकन रंग सोडते, दहा मिनिटं खळखळ उकळून चहा कडक नाही होत, कडू होतो. स्टँडवरच्या टपरीवाल्यांना कोणीतरी हा फरक सांगा, सकाळचीच पत्ती दुपारपर्यंत उकळत असते.

नंदुरबार: गुळाचा असेल तर गॅस बंद करून गूळ घाला, नाहीतर फाटतो. आम्ही फाटला म्हणतो, नासला नाही, नासलेलं दूध वेगळं. तिकडे काय म्हणता?