भेंडीवर लाल ढेकूण: निंबोळी फवारली तरी जोड्या तशाच

धायरीची गच्ची:
आठ कुंड्यांत भेंडी आहे. पंधरा दिवसांपासून लाल ढेकूण आलेत, पाठीला पाठ लावून जोडीने फिरतात, सुटतच नाहीत. परवा संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क फवारला, मेला एकही नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, हे मारत नाही, वंश थांबवतं." म्हणजे कसं? नातू भेंडी कच्चीच खातो, म्हणून विषारी औषध नकोच आहे.

कीटकवेडा:
ताई, तो बरोबर सांगतोय. एमएस्सीला दोन वर्षं हेच ढेकूण मी बरण्यांत भिजवलेल्या सरकीवर पाळले. त्यांच्या मेंदूमागे एक बारीकशी ग्रंथी असते. तिच्यातलं बाल-संप्रेरक पिल्लाला पिल्लूच ठेवतं. पिल्लाच्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत ते आटतं, मग शेवटची कात टाकली की पूर्ण पंख येतात. पण मादी मोठी झाली की तेच पुन्हा पाझरतं, आता अंड्यांत बलक भरायला! ते नसेल तर जोडी लागूनही अंडी पोसत नाहीत. निंबोळीतलं अ‍ॅझाडिरॅक्टिन मेंदूकडून ग्रंथींना जाणारे निरोप बिघडवतं. पिल्लांची कात अडकते, माद्यांची अंडी घटतात. मोठे मात्र चालत राहतात, तेच तुम्हाला दिसतंय.

यांच्याच एका भाऊबंदाची गोष्ट मी कधी विसरणार नाही. कारेल स्लामा हे झेक कीटकशास्त्रज्ञ ते ढेकूण प्रागहून अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात घेऊन गेले, तर तिथे पिल्लं मोठीच होईनात. कात टाकून पुन्हा थोराड पिल्लंच! शेवटी कारण निघालं ते भांड्यात घातलेल्या कागदात. तो ज्या बाल्सम फर झाडाच्या लगद्याचा होता, त्यात या संप्रेरकासारखंच काम करणारं द्रव्य होतं. १९६५ सालचं हे संशोधन. झाडाला हे जमतं, याचं मला आजही नवल वाटतं.

सासवडकर शेतकरी:
ताई, अंडी पानांवर शोधू नका. मादी ओल्या मातीत, पाल्याखाली घालते. वरची माती उकरा, जोड्या साबणाच्या पाण्यात झटका. निबर भेंडी झाडावर ठेवू नका, बी शोषायलाच येतात ते. अर्क दरवेळी ताजा करा आणि संध्याकाळीच मारा, उन्हाने त्याचा जोर जातो.

धायरीची गच्ची:
उकरली. तिसऱ्या कुंडीत पिवळसर अंड्यांचा पुंजका निघाला. बियाण्याला राखलेल्या दोन निबर भेंड्यांवरच सगळे बसले होते! एक काढली, दुसरीला मलमलची पिशवी बांधली. आईकडचं बी आहे, ते जाऊ द्यायचं नाही.