टॉयमन्स, बोरेमान्स, सास्नाल... मलाच सगळे सारखे दिसतायत का?

रंगपेटी:
मंडळी एक शंका आहे, हसू नका. दोन महिने झाले युरोपातले आत्ताचे फिगरेटिव्ह (माणसं, वस्तू ओळखू येतील अशी काढणारे) पेंटर बघतेय, सगळं फोनवरच, आणि मला बेल्जियमचे लुक टॉयमन्स, मिखाएल बोरेमान्स आणि पोलंडचा विल्हेल्म सास्नाल हे तिघं सख्खे भाऊ वाटायला लागलेत. तेच विटके रंग, फोटोवरून काढलेली माणसं, चेहरा अर्धवट, मागे काहीच नाही. टॉयमन्स वयाने मोठा (१९५८ चा), मग बाकीच्यांनी त्याचंच उचललं म्हणायचं का? त्यात परवा क्लासमध्ये सर माझं पोर्ट्रेट बघून "हे बोरेमान्स झालंय" म्हणाले, कौतुक होतं की टोमणा तेही कळलं नाही.

ओला_कॅनव्हास:
टोमणाच असणार :) पण फोनवर बघतेस तिथेच निम्मी गडबड आहे. टॉयमन्स चित्र एका दिवसात संपवतो, ओल्या रंगावरच पुढचा रंग, त्यामुळे सगळं एकमेकांत मिसळून धुतल्यासारखं होतं, म्हणजे तो मळकटपणा बराचसा पद्धतीतूनच येतो. बोरेमान्स आधी ड्रॉइंग आणि एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं) वाला, तिशी उलटल्यावर पेंटिंगकडे वळला, आणि त्याचा हात वेलास्केझ, माने या जुन्या नामवंत चित्रकारांकडे बघून तयार झालेला, कापडाची घडी, मानेवरचा उजेड सगळं लाडाने रंगवतो. टॉयमन्स असले लाड करत नाही. दोघं बरीच वर्षं बेल्जियममधल्या अँटवर्पच्या झेनो एक्स गॅलरीत होते म्हणून नावं एका दमात घेतात लोक, बाकी काही नाही.

जुना_ब्रश:
"बाकी काही नाही" कसं? टॉयमन्सचा परिणाम खराच आहे की, आर्टफोरम मासिकात २००४ ला 'टॉयमन्स इफेक्ट' याच नावाचा लेख आला होता, सास्नाल होता त्यात. फक्त परिणाम रंगात शोधू नका. टॉयमन्सचं १९८६ चं 'गॅसकामर' बघा, पिवळट रिकामी खोली, नाव वाचेपर्यंत कळत नाही की हे नाझींचं गॅस चेंबर आहे. मग सास्नालचं २००३ चं जंगल बघा, लान्झमनच्या 'शोआ' या ज्यूंच्या हत्याकांडावरच्या फिल्मवरून केलेलं, हिरवा रंग नुसता लोटलाय आणि खाली बारकी बारकी माणसं. रंग वेगळा, हात वेगळा, पण भयंकर ते दाखवायचंच नाही, त्याच्या शेजारची जागा दाखवायची, हे तिथूनच आलंय. आणि फोटो बघून रंगवणं म्हणाल तर जर्मन चित्रकार रिख्टर आजोबांनी साठच्या दशकातच करून ठेवलंय ते.

रंगपेटी:
अरे हे भारीये. मग चोरी कुठून सुरू होते?

ओला_कॅनव्हास:
त्यात टॉयमन्सच अडकला ना! एका बेल्जियन राजकारण्याचं चित्र त्याने २०११ ला एका प्रेस फोटोग्राफरच्या फोटोवरून केलं, कपाळावरचा घाम, कातरलेला चेहरा सगळं तसंच. २०१५ मध्ये अँटवर्पच्या कोर्टाने ती चोरी ठरवली, तो म्हणत होता पॅरडी, म्हणजे टर उडवणारी नक्कल आहे. पुढे आपसात मिटवलं दोघांनी.

जुना_ब्रश:
रंगपेटी, सरांनाच विचार ना, बोरेमान्स नेमका दिसला कुठे, रंगात की ब्रशात?

रंगपेटी:
विचारलं. म्हणे मागचा तपकिरी रंग. बर्न्ट अंबरची ट्यूब तेवढी शिल्लक होती हो माझ्याकडे.