पेटंट-ट्रेडमार्कची फी त्याच कार्यालयाला मिळावी, असा कायदा हवा का?

काजूबोंडू (म्हापसा):
शुक्रवारच्या बाजारात लोणच्या-मसाल्याच्या बरण्यांवर हल्ली छापील लेबलं दिसतात. त्यातलं एखादं नाव ट्रेडमार्क करायचं तर छोट्या धंदेवाल्याला एका वर्गासाठी ऑनलाइन 4,500 रुपये, मोठ्या कंपनीला 9,000. हे पैसे जातात भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य तिजोरीत. कार्यालयाच्या वाट्याला काय येणार ते बजेट ठरवतं. संसदेने कायदा करून ही फी तिथेच ठेवावी. अमेरिकेत पेटंट ऑफिस फीवरच चालतं. 2011 च्या कायद्याने त्याला फी ठरवायचा अधिकार दिला आणि जादा फीसाठी राखीव निधी काढला. अर्ज तपासायचे पैसे घेता ना, मग त्यातून तपासनीस नेमा.

हिशेबतपास (पणजी):
अर्धीच गोष्ट सांगितलीत. तो राखीव निधीसुद्धा काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मंजुरीशिवाय वापरता येत नाही. तिथल्या सरकारच्या 2013 च्या सरसकट खर्चकपातीत अर्जदारांनी भरलेले सुमारे 14.8 कोटी डॉलर अडकले होतेच. तिजोरी वेगळी केली, किल्ली मात्र दुसऱ्याच्या कमरेला! आणि वेगळ्या निधीचं कौतुक गोंयकाराला सांगू नका. खाणींच्या पैशातून सुप्रीम कोर्टाने 2014 साली कायमस्वरूपी निधी काढायला लावला. त्यातून हाती काय आलं, ते खाणपट्ट्यातल्या डिचोलीत विचारून या.

वेर्णा_दुसरी_पाळी:
माझा विरोध वेगळ्या कारणाने. मी औषध कारखान्यात आहे. पेटंट मंजूर झालं की ते जिवंत ठेवायला दरवर्षी फी: मोठ्या कंपनीला तिसऱ्या वर्षी 4,000, शेवटच्या पाच वर्षांत वर्षाला 40,000. नामंजूर केलं तर पुढे छदाम नाही. अशा कमाईवर जगणारं ऑफिस पेटंट कायद्याचं कलम 3(ड) (जुन्याच औषधाच्या नव्या रूपाला, गुण वाढल्याशिवाय पेटंट नाही) लावून नाही म्हणेल? त्याच कलमामुळे 2013 मध्ये नोव्हार्टिसचा कॅन्सरच्या औषधावरचा दावा सुप्रीम कोर्टात पडला. फीवर चालणाऱ्या अमेरिकन ऑफिसने तर 1995 मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट देऊन टाकलं होतं.

काजूबोंडू:
हळदीचं खापर फीवर कशाला? आपल्या सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेने जुने संस्कृत ग्रंथ आणि 1953 चा वैद्यकीय लेख पुढे ठेवला, 1997 मध्ये ते रद्द झालं. तपासनिसाच्या हाताशी तो पुरावा नव्हता, हा खरा घोळ. पुरावा शोधायला माणसं आणि वेळ लागतो, त्यालाच तर पैसे मागतोय.

काणकोणची_मिरची:
आमच्या काणकोणातल्या खोल गावच्या मिरचीला जीआय (भौगोलिक ओळखीचा नोंदणीकृत हक्क) आहे, ठाऊक असेलच. ते नाव वापरायला उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवायची फी 2020 मध्ये 500 वरून 10 रुपये केली. दहा! आमच्याकडे मिरची लावणाऱ्या बायकांना तेवढीच परवडते. स्वतःच्या कमाईवर चालणारं ऑफिस हे करेल? पहिली कात्री तिथेच लागेल.

काजूबोंडू:
लागू नये म्हणून लहानांचे दर कायद्यातच बांधा. ट्रेडमार्कची तपासणी लवकर हवी म्हणून मोठे लोक 40,000 मोजतात, त्यातून भरून काढा.

हिशेबतपास:
म्हणजे घाईवाल्या गिऱ्हाइकावर पोट. मग मिरचीवालीची फाईल कुठल्या ढिगात जाणार, हेही त्याच कायद्यात लिहा. आणि उरलेल्या पैशांचं काय? शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी फीवर चालते. 2019 च्या वित्त कायद्याने तिच्या वार्षिक शिलकीतला चौथा हिस्सा राखीव ठेवून बाकी संचित निधीकडे वळवायची तरतूद आणलीच. तुमच्या कार्यालयाची शिल्लक दिल्लीवाले किती वर्षं तशीच राहू देतील?