आरोग्य धोरणावर काम करणाऱ्या संस्थेत कोणत्या पार्श्वभूमीची माणसं घ्यावीत?

नवी_घडी

नमस्कार. सार्वजनिक आरोग्याच्या धोरणांवर काम करणारी एक छोटी ना-नफा संस्था उभी राहते आहे. दवाखाना नाही, शिबिरं नाहीत, औषधवाटप नाही. पुरावा गोळा करायचा, कायदे, कर आणि नियमांचे मसुदे सुचवायचे आणि ते अमलात येईपर्यंत पाठपुरावा करायचा, एवढंच काम. विषय चार: तंबाखू, साखरेची पेयं, मीठ आणि ट्रान्स फॅट (मुख्यतः तेल घट्ट करताना तयार होणारा घातक स्निग्धांश). पैसा सहा पूर्णवेळ जागांपुरता आहे.

आलेल्या अर्जांत बहुतेक जण डॉक्टर किंवा एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) झालेले आहेत. मंडळी हुशार आहेत, पण सहाही जागा त्यांच्यातूनच भरल्या तर काहीतरी राहून जाईल असं वाटतं. नेमकं काय राहून जाईल? पदव्यांची यादी नको, काम कुठे अडतं आणि तिथे कोण लागतं ते सांगा.

आकडेमोड

काम अडतं ते अर्थ खात्यात आणि कायद्याच्या मसुद्यात. नेमकं तिथेच डॉक्टरांचं शिक्षण अपुरं पडतं. तंबाखू घातक आहे हे अर्थ खात्याला नव्याने सांगावं लागत नाही. कर किती वाढवला तर खप किती घटेल आणि तिजोरीचं काय होईल, हे त्यांना हवं असतं.

एक साधा हिशेब मांडतो. पाकिटाची किंमत १००, त्यातलं उत्पादन शुल्क ४०. शुल्क २५ टक्क्यांनी वाढवून ५० केलं आणि कंपनीने सगळी वाढ गिऱ्हाइकाकडून घेतली, तर किंमत ११० होते, म्हणजे १० टक्के वाढ. मागणीची लवचिकता (किंमत एक टक्क्याने वाढली की खप किती टक्क्यांनी बदलतो तो आकडा) उणे ०.४ धरली तर खप ४ टक्क्यांनी घटतो. आधी १०० पाकिटांवर ४,००० जमा होत होते, आता ९६ पाकिटांवर ४,८०० जमा होतात. खप कमी झाला आणि महसूल २० टक्क्यांनी वाढला.

हमखास होणारी चूक अशी: २५ ला ०.४ ने गुणून ‘खप १० टक्क्यांनी घटेल’ असं लिहून द्यायचं. लवचिकता किमतीतल्या बदलाला लावायची असते, करातल्या बदलाला नाही. उद्योगाच्या बाजूच्या अर्थतज्ज्ञाने ही एक चूक दाखवली की तुमच्या बाकीच्या टिपणावरचा विश्वासही गेला. दुसरी चूक म्हणजे कर पूर्णपणे किमतीत उतरेल हे गृहीत धरणं. स्वस्त ब्रँडवर कंपन्या बरेचदा वाढ काही काळ स्वतःच सोसतात आणि महागड्या ब्रँडवर करापेक्षा जास्त भाव वाढवतात. म्हणून हिशेब ब्रँडच्या गटांनुसार वेगळा करावा लागतो.

तेव्हा पहिली जागा आरोग्य अर्थशास्त्रज्ञाची. पण निवडताना नीट बघा. या क्षेत्रातले कितीतरी लोक औषधं आणि उपचार खर्चाच्या मानाने किती परवडतात हे काढण्यात तयार झालेले असतात. ते काम चांगलंच आहे, तुमच्या उपयोगाचं मात्र थोडं. तुम्हाला कर आणि सार्वजनिक वित्त कळणारा माणूस हवा. अर्जात ‘कॉस्ट-इफेक्टिव्हनेस’ दहा वेळा आलं असेल आणि ‘एक्साइज’ (उत्पादन शुल्क) एकदाही नसेल, तर काय ते ओळखा.

भाजक

वरचं सगळं मान्य, पण एपिडेमिऑलॉजिस्टला (साथरोगतज्ज्ञाला) मागे ढकलू नका. साथरोगशास्त्र या नावामुळे तो फक्त साथी आल्यावर लागतो असा समज होतो. तुमच्या चारही विषयांत ‘किती जणांमध्ये, किती, कशाच्या तुलनेत’ हे ठरवणारा माणूस तोच.

मिठाचंच घ्या. लोक किती मीठ खातात हे विचारून कळत नाही. २४ तासांची लघवी गोळा करावी लागते, कारण खाल्लेल्या सोडियमपैकी साधारण ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडतं. सुरुवातीची लघवी टाकून द्यायची, वेळ नोंदवायची, तिथून पुढचं सगळं एका डब्यात जमवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला शेवटचा नमुना घ्यायचा. मधला एखादा नमुना चुकला की मीठ खोटंच कमी दिसतं. म्हणून क्रिएटिनिन (रोज साधारण ठरावीक प्रमाणात लघवीत उतरणारा पदार्थ) आणि एकूण आकारमान पाहून अर्धवट नमुने वगळावे लागतात. हे ज्याला माहीत नाही तो सर्वेक्षणाचा आकडा आहे तसा उचलतो.

शिवाय सोडियम आणि मीठ यांची गल्लत. सोडियमला साधारण २.५ ने गुणलं की मीठ मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. प्रसिद्धिपत्रकात ‘२ ग्रॅम मीठ’ छापून गेलं तर दुरुस्ती कुणी वाचत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे या माणसाला कायदा झाल्यानंतर आणणं. परिणाम मोजायला आधीचे आकडे लागतात, निदान वर्षभराचे, जमलं तर दोन वर्षांचे, महिनावार. आणि ‘आधी’ म्हणजे लागू होण्याआधी नव्हे, जाहीर होण्याआधी. ब्रिटनने गोड पेयांवरचा कर मार्च २०१६ मध्ये जाहीर केला आणि एप्रिल २०१८ मध्ये लागू केला. १०० मिलिलिटरला ५ आणि ८ ग्रॅम साखर अशा दोन पायऱ्या ठेवल्या होत्या (जास्त साखरेला जास्त कर), आणि मधल्या दोन वर्षांतच कंपन्यांनी साखर कमी करून खालची पायरी गाठायला सुरुवात केली. २०१७ हे मूळ वर्ष धरलं तर कराचा बराचसा परिणाम हिशेबातून गळून जाईल. उलट मेक्सिकोत गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर जानेवारी २०१४ मध्ये आला. कर नसता तर खरेदी किती झाली असती याच्याशी तुलना केल्यावर पहिल्या वर्षाची सरासरी घट ६ टक्के निघाली, डिसेंबरपर्यंत ती १२ टक्क्यांवर गेली. आधीच्या वर्षांची घरोघरची खरेदी नोंदलेली होती म्हणून हे सांगता आलं.

पोटकलम

वकील घ्या, पण मसुदा लिहिणारा घ्या. कोर्टात युक्तिवाद करणारा आणि कलम लिहिणारा ही दोन वेगळी कसबं आहेत. पहिला फीवर बोलावता येतो, दुसरा रोज टेबलाशी लागतो.

ट्रान्स फॅटचं उदाहरण बघा. मर्यादा अशी हवी: १०० ग्रॅम एकूण स्निग्धांशामागे २ ग्रॅम. मसुद्यात ‘१०० ग्रॅम खाद्यपदार्थामागे २ ग्रॅम’ असं गेलं तर काय होतं? १०० ग्रॅम बिस्किटांत २० ग्रॅम स्निग्धांश असेल तर योग्य नियमाने ०.४ ग्रॅम ट्रान्स फॅट चालेल, चुकीच्या नियमाने २ ग्रॅम. एका शब्दाने मर्यादा पाचपट ढिली झाली. डॉक्टर हे वाक्य वाचून पुढे जातो, कारण त्याला २ हा आकडा ओळखीचा वाटतो. शिवाय ‘औद्योगिक प्रक्रियेतून तयार झालेले’ हे शब्द नसतील तर दुधात आणि मांसात नैसर्गिकरीत्या असणारं ट्रान्स फॅटही कचाट्यात येतं आणि दूध उत्पादक विनाकारण विरोधात उभे राहतात.

गोड पेयांची व्याख्या तर याहून निसरडी. ‘साखर घातलेले पेय’ लिहिलं की फळांच्या रसाचा अर्क घालून गोड केलेलं पेय सुटतं. ‘पिण्यास तयार’ लिहिलं की पावडर आणि सरबताचे पाक सुटतात. १०० मिलिलिटर मोजायचे ते विकताना की पाणी मिसळल्यावर, हे लिहिलं नाही तर पहिल्याच खटल्यात मुद्दा निघतो.

क्रियापदांकडे लक्ष द्या. ‘प्राधिकरण तपासणी करील’ आणि ‘प्राधिकरणास तपासणी करता येईल’ यांत दिवसरात्रीचं अंतर आहे. ‘अधिसूचित होईल त्या तारखेपासून’ असं ठेवलं तर ती तारीख कधी उगवेल याची खात्री नाही. ‘प्रसिद्धीपासून १८० दिवसांनी’ असं लिहिलं की घड्याळ आपोआप सुरू होतं.

व्यापार कायदा जाणणारा सल्लागारही हाताशी ठेवा. पूर्णवेळ नको. उरुग्वेच्या सिगारेट पाकिटांच्या नियमांविरुद्ध फिलिप मॉरिस या तंबाखू कंपनीने २०१० मध्ये लवादात दावा लावला, निकाल उरुग्वेच्या बाजूने लागला तो २०१६ मध्ये. ऑस्ट्रेलियात सिगारेटची साधी पाकिटं (ब्रँडची चिन्हं आणि रंग नसलेली) डिसेंबर २०१२ पासून सक्तीची झाली, पण जागतिक व्यापार संघटनेतला वाद २०२० पर्यंत चालला. अशा वेळी सरकारने निर्णय घेताना कुठला पुरावा पाहिला होता याची नोंद फार मोलाची ठरते. ती फाइल पहिल्या दिवसापासून तयार होत राहायला हवी.

नवी_घडी

फार नेमकं सांगितलंत, आभार. दोन शंका. एका अर्जदाराची दहा वर्षं पेय कंपनीत गेली आहेत, उत्पादनातलं ज्ञान उत्तम. घ्यावं का? आणि निवृत्त सरकारी अधिकारी ठेवावा असं काही जण सुचवतात. तो ‘ओळखी’साठी की आणखी कशासाठी?

टिपण_सादर

दुसऱ्याचं आधी. ओळखीसाठी ठेवू नका. ओळखी बदल्यांबरोबर जातात. ठेवायचा तो फाइल कशी चालते हे माहीत असल्यामुळे. अर्थसंकल्पाचे प्रस्ताव मांडणीच्या कितीतरी महिने आधी गोळा होतात. अर्थसंकल्पाच्या तोंडावर नेलेलं कराचं टिपण कितीही चांगलं असलं तरी पुढच्या वर्षावर जातं. कुठल्या खात्याचा अभिप्राय लागेल, कोण आडवा येईल, कुठल्या टेबलावर एक पान चालेल आणि कुठे जोडपत्रासकट सगळं लागेल, हे त्याला ठाऊक असतं. आरोग्य खात्यातल्यापेक्षा कर किंवा अन्न नियमन खात्यात काम केलेला मिळाला तर उत्तम. आरोग्य खातं तुमच्या बाजूचं असतंच, पेच बाहेर असतो.

पेय कंपनीतला माणूस. रेसिपी, कारखान्याचं वेळापत्रक, साखर कमी करायला लागणारा वेळ याचं त्याचं ज्ञान खरंच दुर्मीळ आहे. तरी मी पूर्णवेळ घेणार नाही, निदान पेयांच्या विषयावर नाही. घ्यायचाच तर शेअर, निवृत्तिवेतन, सल्लागारपद यांतलं काहीही चालू नसल्याचं लेखी घ्या, आणि विषय वेगळा द्या. तंबाखूच्या बाबतीत तर सूटच नको. तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार २००५ मध्ये अमलात आला, त्याच्या कलम ५.३ प्रमाणे सरकारांनी आपली धोरणं तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून जपायची आहेत. तुमच्याकडे त्या उद्योगातला माणूस दिसला की अधिकारी तुम्हाला भेटायलाच कचरतील, आणि ते बरोबर आहे.

हितसंबंधांचं निवेदन सगळ्यांकडून घ्या, संचालक मंडळासकट. वैद्यकीय नियतकालिकांच्या नमुन्यात मागचे ३६ महिने विचारतात, तेवढं तरी हवंच. दरवर्षी नव्याने भरून घ्या आणि संकेतस्थळावर माणसाच्या परिचयाखालीच ठेवा.

अनुदान सांभाळणारा माणूसही विसरू नका, हिशेबनीस म्हणून नव्हे. अमेरिकेतली खाजगी प्रतिष्ठानं लॉबिंगसाठी (विशिष्ट कायद्यासाठी कायदे करणाऱ्यांकडे रदबदली) राखून अनुदान देऊ शकत नाहीत. त्यामुळे प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात संशोधन आणि लॉबिंग वेगळं दाखवावं लागतं आणि कोणी कुठल्या कामाला किती तास दिले याची नोंद रोज लागते. वर्षाअखेरीला आठवून भरलेले तास लेखापरीक्षणात टिकत नाहीत.

भाजक

सहा जागा मी अशा भरीन: करांचा अर्थशास्त्रज्ञ, एपिडेमिऑलॉजिस्ट, मसुदा लिहिणारा वकील, खात्यांत पाठपुरावा करणारा माजी अधिकारी, पत्रकारितेतून आलेला संपर्क प्रमुख आणि अनुदान व्यवस्थापक. सांख्यिकी, व्यापार कायदा आणि आहारशास्त्र सल्लागारांकडून. एपिडेमिऑलॉजिस्ट डॉक्टर असला तर चांगलंच, हृदयरोग किंवा कर्करोगाच्या डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं.

मुलाखतीपेक्षा लेखी परीक्षेवर भर द्या. दहा पानांचा एक शोधनिबंध आणि ९० मिनिटं, बदल्यात मंत्र्यासाठी एक पान. निबंध असा निवडा की त्यात धोका हजारात २ वरून हजारात ३ झालेला असेल. जो फक्त ‘धोका ५० टक्क्यांनी वाढला’ लिहितो त्याला आकड्याची जबाबदारी कळलेली नाही. जो ‘हजारामागे एक जादा, आणि लोकसंख्येच्या मानाने वर्षाला इतके’ असं दोन्ही लिहितो, त्याला दुसऱ्या फेरीला बोलवा. पत्रकारालाही हीच परीक्षा द्या, अर्थशास्त्रज्ञालाही. मसुद्याच्या जागेसाठी मात्र ‘पोटकलम’ यांचं ट्रान्स फॅटचं चुकीचं वाक्य ठेवा आणि काहीही न सांगता फक्त तपासायला द्या.