लॉनमोअर घेताना नेमकं काय पाहावं?

विषय: लॉनमोअर घ्यायचा आहे

मंडळी, नमस्कार.

आमचा जुना मोअर आता दुरुस्तीच्या पलीकडे गेलाय. नवीन घ्यायला निघालो, तर माहितीपत्रकांत जिकडेतिकडे इंजिनाचे सीसी आणि डेकची (म्हणजे पात्यावरच्या आवरणाची) रुंदी यांचंच कौतुक. वापरणाऱ्याला खरा फरक कशाने पडतो, हे कोणी लिहीत नाही. लॉन मध्यम आहे, एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि गॅरेजमध्ये जागा बेताची. काय असायलाच हवं, आणि कशावर पैसे घालू नयेत?

— यादीतला नवा सभासद

---

उत्तर: लॉनमोअर घ्यायचा आहे

नमस्कार,

गवत सगळेच मोअर कापतात हो. माणूस वैतागतो तो इतर कामांनी: उंची बदलणं, पिशवी रिकामी करणं, खालून साफ करणं, धारेसाठी पातं काढणं आणि शेवटी ठेवून देणं. ही कामं जो मोअर सोपी करतो तो चांगला, असं माझं सरळ मत आहे. दुकानात इंजिन सुरू करून बघण्यापेक्षा ही पाच कामं करून बघा.

सगळ्यात आधी डेक उलटा करून बघा. फिरत्या पात्याच्या टोकांना मागच्या बाजूने वर वळवलेले पंख असतात. त्यांच्या हवेने गवत उभं राहतं, मग कापलं जातं आणि पिशवीकडे उडतं. डेकला आतून ओलं गवत चिकटत गेलं की हवेची ही वाट बुजते. मग गवत नीट कापलं जात नाही आणि लॉनवर गोळे पडतात. म्हणून डेक आतून गुळगुळीत हवा, कोपरे गोलसर हवेत, मध्येच डोकावणारे बोल्ट नकोत. पत्र्याचा डेक दणकट असतो, पण ओलं गवत तसंच राहिलं तर गंजतो. ॲल्युमिनियमचा गंजत नाही. जाड प्लास्टिकचाही गंजत नाही आणि हलका असतो, पण दगडाच्या फटक्याने तडकू शकतो.

डेकवर पाण्याची नळी जोडायचं तोंड हल्ली बरेच जण देतात. कापून झाल्या झाल्या वापरलं तर उपयोगी, वाळून बसलेल्या थराला त्याचं काही वाटत नाही. माझ्या लेखी ही निम्मी सोय. त्यापेक्षा मोअर उभा करून खरवडता आला तर जास्त बरं. पण पेट्रोलचा मोअर तसाच उभा करू नका. तो आडवा करायचा तरी कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर वरच्या अंगाला ठेवून. नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी इंजिन नुसता धूर ओकतं. बंपरवर बाणाची एक खूण छापून ‘या कुशीवर झोपवा’ एवढं लिहिलं असतं तरी कितीतरी फिल्टर वाचले असते! उभा ठेवता येईल अशा खास बांधणीचे पेट्रोल मोअरही मिळतात. तुमची जागेची अडचण बघता चौकशी करा.

मग पातं. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दोन दिवसांत शेंडे पांढुरके पडतात आणि आपण उगाच खताला दोष देतो. धार लावायची तर बोल्ट काढायला हवा, आणि पातं गरगर फिरत राहतं म्हणून लोक मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवतात. एक साधी खीळ दिली, जी दाबली की पात्याचा दांडा जागच्या जागी धरला जाईल, तर हे काम किती सोपं होईल! अँगल ग्राइंडरला ती केव्हापासून आहे. (पात्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढायचीच, बॅटरीच्या मोअरला बॅटरी. आणि धार दोन्ही बाजूंना सारखी लावा. एक बाजू जड राहिली की सगळा मोअर थरथरतो आणि बेअरिंग झिजतं.)

उंची बदलायला चार चाकांना चार खटके नकोत, एकच हवा, आणि डेकचं वजन पेलणारी स्प्रिंगही हवी. एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापू नये म्हणतात. चार खटके वाकून बदलायचे असले, तर हा नियम कोण पाळणार?

— ग्रंथालयवाले काका

---

उत्तर: उत्तर: लॉनमोअर घ्यायचा आहे

काका, डेकबद्दल पूर्ण सहमत. पण हँडल राहिलंच की!

माझी उंची कमी. बहुतेक मोअरची हँडलं सहा फुटी माणसाच्या मापाची असतात, आणि दोन-तीन भोकांतून उंची बदलायची म्हटलं तर पाना शोधा. पकडून ठेवायची दांडी सोडली की पातं थांबतं, हे फार चांगलं. अमेरिकेत १९८२ पासून नियमच आहे की चालत ढकलायच्या मोअरचं पातं दांडी सोडल्यावर ३ सेकंदांत थांबलं पाहिजे. पण काही दांड्यांची स्प्रिंग इतकी ताठ असते की लहान हाताला रग लागते. मग कोणीतरी ती दोरीने बांधून टाकतं आणि सुरक्षेचा सगळा खटाटोप वाया जातो. दांडी हँडलच्या पूर्ण रुंदीची, डाव्या-उजव्या कुठल्याही हाताने सहज धरता येईल अशी हवी. दुकानात पाच मिनिटं नुसती धरून उभे राहा, लोक हसले तर हसू देत.

याहून चांगली एक सोय असते: दांडी सोडली की फक्त पातं थांबतं, इंजिन चालू राहतं. पिशवी रिकामी केल्यावर दर वेळी इंजिन सुरू करायची दोरी ओढावी लागत नाही. महाग पडते, पण मी पैसे घालीन तर यावर.

पिशवीचंही बघा. पिशवी भरते ती हवा जाळीतून बाहेर पडते म्हणून. जाळी धुळीने बुजली की अर्धी पिशवी भरूनच गवत मागे पडायला लागतं, आणि आपण पात्याला दोष देतो. जाळी झटकायला सोपी हवी आणि तिचं तोंड खाली हवं, आपल्या चेहऱ्याकडे नको. तळ कडक असला तर पिशवी ओतायला बरी.

— नाटकवाली ताई

---

उत्तर: उत्तर: लॉनमोअर घ्यायचा आहे

ताई, काका, नमस्कार. बॅटरीवर कोणीच बोललं नाही, म्हणून मी.

व्होल्टवर जाऊ नका. ४० व्होल्ट लिहिलेल्या बॅटरीत बहुधा १० सेल ओळीने असतात, म्हणजे साधारण दाब ३६ व्होल्टच. ४० हा साधारण पूर्ण चार्ज झाल्यावरचा आकडा. बघायचे ते वॉट-अवर: ३६ गुणिले ५ अँपिअर-अवर म्हणजे १८०. दोन कंपन्यांची तुलना याच आकड्यावर करा. तेवढ्यात तुमचं लॉन होईल का, ते गवत किती दाट आणि ओलं आहे यावर ठरतं.

बॅटरीचा मोअर बहुतेक वेळा उभा ठेवता येतो, तेल-पेट्रोल सांडायची भीती नाही. वर, महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटर बुजवतं, ती कटकटही नाही. पेट्रोलचाच घेणार असाल तर इंधन बंद करायची तोटी असलेला घ्या. हंगाम संपताना ती बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा. कितीशी महाग असते ती तोटी? तरी स्वस्त मोअरवर देत नाहीत.

माझी एकच तक्रार: प्रत्येक कंपनीची बॅटरी वेगळी. हत्यारांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्यांत काही कंपन्यांनी एकत्र येऊन एकच बॅटरी चालवली, मग मोठ्या मोअरना काय अडलंय?

— हिशेबवाले दादा

---

उत्तर: उत्तर: लॉनमोअर घ्यायचा आहे

दादा, बॅटरीचं बरोबर. फक्त कडाक्याच्या थंडीत गॅरेजमध्ये चार्ज करू नका. शून्याखाली लिथियमची बॅटरी चार्ज केली की ती कायमची बिघडते. घरात आणून चार्ज करा.

नव्या सभासदांसाठी उरलेलं पटकन. उतारासाठी मागच्या चाकांना जोर असलेला घ्या. पुढच्या चाकांचा वळायला सोपा, पण पिशवी भरली की वजन मागे जातं आणि पुढची चाकं घसरतात. ढकलायचा मोअर उतारावर आडवा चालवायचा, वर-खाली नाही. चालना सोडल्यावर मोअर मागे सहज ओढता येतो का, तेही पाहा. काहींची चाकं अडकतात आणि आधी वीतभर पुढे ढकलावं लागतं.

भिंतीसाठी: एका बाजूची चाकं डेकच्या आत घेतलेली असली तर पातं भिंतीच्या जवळ जातं. नाहीतर उरलेली पट्टी दर वेळी ट्रिमरने कापत बसाल.

पैसे कशावर घालू नयेत? डेकवरच्या दिव्यांवर, पेला ठेवायच्या खाचेवर, आणि सरकत्या खटक्याने उंचीचे दहा टप्पे देणाऱ्यांवर. टप्पे पाच-सहा पुरतात. बदली पातं सहज मिळतं का आणि त्याच्या बोल्टला कोणता पाना लागतो, हे विकत घेण्याआधी विचारा.

— ग्रंथालयवाले काका