कायमची खुर्ची आधी, का शेजारचा बाजार आधी?

काटोलकर:
काल घरी जेवताना मोठ्या भावाशी वाद झाला. त्याचं म्हणणं, भारताला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत एकदा कायमची जागा मिळाली की जग आपलं ऐकेल. मी म्हटलं असं होणार नाही, आणि तेच इथं मांडून राहिलो कारण मला मनापासून वाटते की आपण सगळा जोर चुकीच्या जागी लावून राहिलो.

आमची संत्र्याची बाग आहे. आपल्या भागातला माल किती वर्षं बांगलादेशात जायचा, ट्रकच्या ट्रक. त्यांनी २०१९ मध्ये किलोमागे २० रुपये ड्युटी घेतली, मग दर वर्षी वाढवत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर नेली. म्हणजे बागेत शेतकऱ्याला जो भाव मिळते त्याच्याहून ड्युटीच जास्त. जाणारा माल थांबला, सगळा नागपूरच्या कळमना बाजारात येऊन पडला आणि भाव बसला. आता हे गाऱ्हाणं न्यायचं कुठं? दक्षिण आशियातल्या देशांची संघटना सार्क, तिची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला झाली, त्यानंतर एकही नाही. जागतिक व्यापार संघटनेत अपील ऐकणारं जे मंडळ होतं ते डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण अमेरिकेनं नवीन सदस्य नेमूच दिले नाहीत. खालच्या पातळीवर केस जिंकली तरी समोरचा अपिलात जातो आणि ते अपील तसंच लटकून राहते.

आणि ती कायमची खुर्ची? त्यासाठी संयुक्त राष्ट्रांची सनद बदलावी लागते, १९३ पैकी १२९ देशांची मतं, वरून पाचही कायम सदस्यांची मंजुरी. आजवर परिषद एकदाच वाढली, १९६५ मध्ये, तेव्हाही फक्त अस्थायी जागा ६ च्या १० झाल्या. त्यात आयुष्य घालवण्यापेक्षा शेजारच्यांशी बोलायची जी व्यवस्था आपण बंद पडू दिली ती आधी उभी करा ना.

धरमपेठवाला:
काटोलकर भाऊ, संत्र्याचं दुःख खरं आहे, त्यावर वाद नाही. पण सार्क आपण बंद पडू दिली हे मला मान्य नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीला हल्ला झाला, त्यानंतर इस्लामाबादच्या परिषदेला जायचं तरी कसं होतं? आपण एकटे नव्हतो, बांगलादेश, भूतान, अफगाणिस्तान यांनीही नाही म्हटलं होतं.

आणि खुर्ची कशाला पाहिजे विचारता तर जैश-ए-मोहम्मदच्या म्होरक्याचं, मसूद अझहरचं घ्या. त्याचं नाव दहशतवाद्यांच्या यादीत टाकायला आपण वर्षानुवर्षं प्रयत्न केले आणि चीन दर वेळी आडवा आला, शेवटी १ मे २०१९ ला नाव गेलं, तेही पुलवामानंतर. तिथं आपला माणूस कायम बसला असता तर एवढी वर्षं गेली असती का? अस्थायी सदस्य म्हणून दोन वर्षांसाठी जायचं आणि परत रांगेत लागायचं, हे आठ वेळा केलं आपण.

नियम_वाचून_बोला:
दोघांनाही थोडं थांबवतो.

धरमपेठवाला दादा, ती यादी करणारी समिती वेगळी आहे. तिथं व्हेटो, म्हणजे कायम सदस्याचा एकट्यानं ठराव पाडायचा अधिकार, नसतो, पंधराही सदस्यांची सहमती लागते, त्यामुळे कोणताही एक सदस्य, अगदी दोन वर्षांसाठी आलेलासुद्धा, नाव अडवू शकतो. आपण कायम असतो तरी चीननं हात वर केला की नाव अडकलंच असतं. कायम जागेनं दुसऱ्याचं अडवता येते, आपलं पुढं नेता येईलच असं नाही. २५ फेब्रुवारी २०२२ चं बघा, युक्रेनवरच्या ठरावाला ११ मतं बाजूनं होती, रशियाचं एक विरोधात आणि ठराव पडला. आपण तेव्हा परिषदेत होतो आणि तटस्थ राहिलो होतो.

काटोलकर भाऊ, तुमचंही एक चुकते. व्यापार संघटनेत शेतमालावर बांगलादेशानं ड्युटीची जी कमाल मर्यादा लिहून दिली आहे तीच बहुतेक मालावर २०० टक्के आहे, आणि तो अल्पविकसित देश म्हणून सवलतीत. अपील मंडळ उद्या सुरू झालं तरी संत्र्याची केस जिंकाल असं धरून चालू नका. हे बोलूनच सोडवायचं प्रकरण आहे, कोर्टाचं नाही.

काटोलकर:
२०० टक्क्यांचं मला माहीत नव्हतं, मान्य करतो. पण मग माझाच मुद्दा पक्का होते ना भाऊ, कोर्टात होत नाही तर बोलावं लागते, आणि बोलायला बैठकच नाही.

कामठीचा_फौजी:
वय झालं, टायपिंग हळू आहे, समजून घ्या.

मी संयुक्त राष्ट्रांच्या शांती सेनेची निळी टोपी घालून काँगोत गोमा शहरात होतो. आपली ब्रिगेड तिथं. रात्री गावकरी लेकरं घेऊन कॅम्पच्या तारेपाशी येऊन झोपायचे, कारण तिथं आपले जवान पहाऱ्याला. त्याच काँगोत १९६१ मध्ये कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया शहीद झाले, परमवीर चक्र मिळालं त्यांना. आजवर दोन लाखांहून जास्त भारतीय सैनिक या शांती मोहिमांवर गेले आणि दीडशेहून जास्त परत आले नाहीत. पण कुठं जायचं, गोळी कधी चालवायची, किती दिवस राहायचं, हे सगळं ठरते सुरक्षा परिषदेत, आणि मोहिमांना सगळ्यात जास्त जवान देणारे बहुतेक देश तिथं कायम नाहीत. आफ्रिकेत ५४ देश, कितीतरी मोहिमा त्यांच्याच जमिनीवर, त्यांचीही एक कायम जागा नाही.

म्हणून काटोलकर बेटा, खुर्ची ही मानाची गोष्ट आहे असं समजू नको. ज्याचं पोरगं तिकडं जाते त्याला हुकूम लिहिताना तिथं असायचा हक्क आहे, एवढंच माझं म्हणणं. संत्र्यासाठी हा हक्क सोडून द्या म्हणशील तर मले पटत नाही.

सीताबर्डी_ते_खापरी:
एवढ्या मोठ्या संस्थांची गरजच काय आहे पण? आपली नागपूरची मेट्रो बघा, जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचं कर्ज, फ्रान्सच्या एएफडी या विकास संस्थेचं कर्ज, दोन देश बसले, करार झाला, आज मी रोज त्या गाडीनं जातो. थेट बोला आणि काम करा, १९३ जणांना कशाला विचारायचं.

आशाताईची_मुलगी:
दादा मेट्रो दोन देशांत होते, पोलिओ नाही होत. माझी आई उन्हातान्हात घरोघरी फिरून डोस पाजायची, लेकराच्या डाव्या करंगळीला शाई लावायची, कोणी दार लावून घेतलं तर परत दुसऱ्या दिवशी जायची. तिच्यामागं सरकार होतंच, पण जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रोटरी यांचं सगळं जाळंही होतं. जानेवारी २०११ मध्ये हावड्याला शेवटची केस सापडली आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. विषाणू शेजारच्या देशात राहिला तर परत येतोच, त्यासाठी न पटणाऱ्या देशाबरोबरही एका यादीत नाव लिहावं लागते. आई आजही तो शाईचा पेन जपून ठेवते.

धरमपेठवाला:
ताई, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

नियमवाले भाऊंचं समितीबद्दलचं मी तपासलं, बरोबर आहे, माझा दाखला चुकला. फौजी काकांचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, त्यांनी माझ्यापेक्षा नीट सांगितलं. आणि काटोलकर भाऊ, पाकिस्तानमुळे सार्क होत नाही तर बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांची संघटना बिमस्टेक आहे की, त्यात बांगलादेश आहे, पाकिस्तान नाही, आणि त्याचं सचिवालय खुद्द ढाक्यात आहे.

काटोलकर:
बिमस्टेकच्या मुक्त व्यापाराचा आराखडा २००४ मध्ये सह्या होऊन पडला आहे, दादा. वीस वर्षांहून जास्त झाले, मूळ करार अजून झाला नाही. त्यावर आपल्याकडं किती जण बोलतात आणि खुर्चीवर किती बोलतात?

फौजी काका, तुमचं वाचून मी बराच वेळ थांबलो. हुकूम लिहिताना आपला माणूस तिथं पाहिजे, हे मी आता नाकारत नाही. पण ती मंजुरी पाच जणांच्या हातात आहे, बिमस्टेकची गोष्ट सात देशांत आहे आणि त्यात सगळ्यात मोठे आपणच. मग सुरुवात तिथून का नको?

कामठीचा_फौजी:
कर ना सुरुवात, मी कधी नको म्हटलं. तू तुझ्या खासदाराले संत्र्यावर आणि बिमस्टेकवर पत्र लिही, त्यात शांती मोहिमांच्या हुकमाबद्दल दोन ओळी माझ्या घाल. मी सही करतो.