साखर वाढलेली असताना जखम चिघळली? तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मी करते. गेल्या उन्हाळ्यात आईच्या मानेखाली पुटकुळी आली. उष्णतेची असेल म्हणून आम्ही आठवडाभर कडुनिंबाचा पाला वाटून लावला. मग एका सकाळी ब्लाउज पाठीला चिकटला. सोडवून पाहिलं तर तीन-चार तोंडांतून पू. काळपुळी होती. साखर ३८०, पांढऱ्या पेशी १८,०००. मी सर्जनना विचारलं, पेशी एवढ्या वाढल्यात, मग जंतू मरत का नाहीत? म्हणाले, "संख्या आहे, जोर नाही." साखर फार चढली की न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) जंतूंपर्यंत उशिरा पोचतात आणि त्यांना नीट गिळत नाहीत. चीर देऊन पू काढला, अँटिबायोटिक दिलं, इन्सुलिन सुरू केलं. साखर दोनशेखाली आल्यावर गॉज कोरडा निघू लागला, खाली लालसर नवं मांस दिसलं. तुमच्या घरी असं काही झालंय का?

*

आमच्या बाबांच्या अंगठ्याला चप्पल लागली होती. पाय बधिर, त्यामुळे दुखलंच नाही. ताप नाही, कण्हणं नाही. मोजा ओला दिसला तेव्हा कळलं. अंगठा काढावा लागला. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. ते अजून मनातून जात नाही.

*

मला लघवीची जळजळ वर्षात चारदा. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) १०.२ होतं, ते ७ वर आल्यापासून एकदाही नाही.

*

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, पेशी मोजल्या जातात, त्यांचं काम तपासलं जात नाही. गिळलेला जंतू मारायला पेशी ऑक्सिजनपासून जहाल रसायनं बनवते. त्याला एनएडीपीएच नावाचं पेशीतलं सहायक रसायन लागतं. पेशीत साखर जास्त शिरली की तिचं सॉर्बिटॉल (साखरेपासून बनणारा एक पदार्थ) करण्यात तेच खर्च होतं. शिवाय संसर्गानेही साखर चढते. माझ्या काकूने तापात जेवण जात नाही म्हणून मनानेच इन्सुलिन बंद केलं आणि दोन दिवसांत ती आयसीयूत गेली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं कुणी करू नका, कळकळीने सांगते.

*

बाबांबद्दल वर लिहिलंय तो मीच. आता रोज रात्री त्यांच्या तळव्याखाली आरसा धरतो, बोटांच्या बेचक्यांत टॉर्च मारून बघतो. परवा करंगळीखाली छोटी भेग दिसली. सकाळीच दवाखाना गाठला.